श्रद्धा, शरीर आणि लेखन-कट्टा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचा लेखन-कट्टा दर महिन्याला एकदा दादरला बसतो. येणाऱ्यांत निम्म्याहून जास्त ख्रिस्ती आहेत: वसई-उत्तनकडचे कॅथलिक, भायखळ्याचे प्रोटेस्टंट, नगर जिल्ह्यातून मुंबईत आलेल्या घरांतली मुलंबाळं. बरेच जण अपंग आहेत. बाकीचे मराठीत लिहिणारे कोणीही. फोनवर, चिठ्ठ्यांतून आणि सभा संपल्यावर चहाच्या टपरीवर तेच तेच प्रश्न येत राहतात, म्हणून एकदाची ही उत्तरं लिहून काढली. लिहिणारी मी वसईची, कॅथलिक, डाव्या पायात पोलिओमुळे कॅलिपर, म्हणजे पायाला आधार देणारा पट्ट्यांचा सांगाडा. मतं माझी आहेत. प्रश्न १३ वर तर कट्ट्यात अजून भांडण चालू आहे.

१. कट्ट्यावर यायला ख्रिस्ती असावं लागतं का? की अपंग असावं लागतं?

दोन्हीची गरज नाही. मराठीत लिहीत असाल किंवा लिहायचं मनात असेल, तर या. सुरुवात कशी झाली ते सांगते. आमच्यापैकी काहींच्या लक्षात आलं की साहित्याच्या बैठकीत आपल्या कवितेतला येशू लोकांना अवघडवतो, चर्चमध्ये आपली कविताच अवघडवते, आणि जिना दोन्हीकडे असतो. तिन्ही गोष्टी एकाच माणसाच्या वाट्याला आल्या की तो घरी बसतो. अशी घरी बसलेली सात माणसं एकत्र आली.

२. माझं अपंगत्व वरून दिसत नाही. दाखला दाखवावा लागेल का?

नाही. १९९५च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, २०१६च्या कायद्यात २१ झाले. थॅलेसेमिया, सिकलसेल, पार्किन्सन असं बरंच काही त्यात आलं, जे रस्त्यावरून चालताना कोणाला दिसत नाही. सरकारी सवलतींसाठी ४० टक्क्यांची अट असते. कट्ट्याला टक्के लागत नाहीत. आम्ही एवढंच विचारतो की बसायला काय लागेल: पाठ टेकायची खुर्ची, दाराजवळची जागा, मध्येच उठून बाहेर जायची मोकळीक. कारण सांगायची सक्ती नाही.

३. 'अपंग' म्हणायचं की 'दिव्यांग'?

समोरचा स्वतःला जे म्हणतो ते. सरकारी कागदावर आता 'दिव्यांग' आहे. २०१५च्या शेवटी तो शब्द दिल्लीहून पुढे आला आणि २०२२मध्ये महाराष्ट्रात दिव्यांग कल्याण विभागच वेगळा झाला. काहींना तो मानाचा वाटतो, त्यांच्याबद्दल लिहिताना तोच वापरा. मला तो जड जातो. माझ्या कॅलिपरमध्ये दिव्य काही नाही, उलट त्याचा पट्टा ऐन गर्दीत तुटतो. मी 'अपंग' लिहिते. 'अपंगत्वाशी झुंज देणारी' असं माझ्याबद्दल कोणी लिहिलं तर मात्र खोडते, कारण मी झुंजते ती दादरच्या पुलाशी.

४. दादरला पोहोचायचं कसं? जागा जिन्याची आहे का?

आता तळमजल्यावर आहे. शाळेचा वर्ग, दाराला उंबरठा नाही, व्हीलचेअर आत वळते. स्वच्छतागृह त्याच मजल्यावर आहे, पण दार अरुंद. मोठी व्हीलचेअर असेल तर आधी कळवा, शेजारच्या इमारतीत सोय करतो. लोकलने येणार असाल तर अपंगांच्या डब्यात कर्करोगाचे रुग्ण आणि गरोदर बायकाही बसू शकतात, त्यांच्याशी वाद घालू नका. धडधाकट माणसं दाराला लटकलेली असतील तर खुशाल घाला. मध्य रेल्वेवरून पश्चिमेला किंवा उलट जायचं तर पूल चुकत नाही. लिफ्ट कुठे आहे ते आधी फोनवर विचारून घ्या.

पूर्वी आम्ही पहिल्या मजल्यावरच्या एका हॉलमध्ये बसायचो. अठरा पायऱ्या. व्हीलचेअर वापरणारे आमचे एक सभासद यायचे, त्यांना चौघे जण खुर्चीसकट उचलून वर न्यायचे. सगळ्यांना फार बरं वाटायचं. मार्कच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात पक्षाघात झालेल्या माणसाला चौघे जण छपरातून खाली सोडतात, ती गोष्ट आम्ही एकमेकांना पुन्हा पुन्हा सांगायचो. सहा महिने हे चाललं. मग एके दिवशी ते म्हणाले, "त्या माणसाला एकदाच सोडलं होतं. मला तुम्ही दर महिन्याला उचलता. आणि तो खाली उतरल्यावर स्वतःच्या पायांनी घरी गेला." पुढच्या महिन्यात जागा बदलली. चौघांपैकी एक थोडा हिरमुसला होता, ते मी इथे मुद्दाम नोंदवते.

५. सभा शनिवारी का? रविवारी सगळ्यांना सुट्टी असते.

रविवारी सकाळी आमचे निम्मे लोक मिस्सेला किंवा उपासनेला असतात. दुसरं कारण रविवारचा मेगाब्लॉक, रुळांच्या कामासाठी गाड्या कमी होतात तो. तीन गाड्यांची गर्दी एका गाडीत कोंबली की अपंगांचा डबा नावापुरता उरतो. शनिवार शब्बाथ म्हणून पाळणारे दोघे आहेत, त्यांच्यासाठी दर तिसरी सभा शनिवार सोडून दुसऱ्या दिवशी असते. सगळ्यांचं समाधान होत नाही.

६. सुरुवातीला प्रार्थना होते का?

दोन मिनिटं शांतता असते. कोणी मनात आमच्या स्वर्गातल्या पित्याला हाक मारतं, कोणी आपलं पान शोधतं. मोठ्याने प्रार्थना होत नाही. यावरून एक-दोन जण नाराज होऊन गेले, त्याचं वाईट वाटतं. विश्वास उरला नसेल तर प्रश्न १९ पाहा.

७. मी अंध आहे. बाकीच्यांचं लिखाण मला आधी वाचायला मिळेल का?

मिळेल, आणि याबाबत आम्ही हट्टी आहोत. मजकूर सभेच्या चार दिवस आधी युनिकोडमध्ये टाइप करून पाठवायचा, असा नियम आहे. वहीच्या पानाचा फोटो चालत नाही. छपाईवाल्याकडून आलेली पीडीएफही बहुतेक वेळा चालत नाही. जुन्या फॉन्टमध्ये केलेला मजकूर डोळ्यांना मराठी दिसतो, पण आत रोमन अक्षरं आणि चिन्हंच साठवलेली असतात. स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्राम, आतलं वाचतो. एका सभासदाने एकदा आख्ख्या सभेला स्पीकरवर ऐकवलं की त्यांना आमची कथा कशी ऐकू येते. डॉलर, कंस, टक्के, उलटा स्वल्पविराम, पुन्हा डॉलर. त्यानंतर फोटो पाठवणं जवळपास थांबलं.

हाताने लिहिणारे ज्येष्ठ आहेत, त्यांचं लिखाण कोणीतरी टाइप करून देतं. ब्रेल वाचणाऱ्यांसाठीही युनिकोडच बरं, त्यावरून ब्रेल काढता येतं. आपली भारती ब्रेल १९५१पासून आहे, तिच्यात मराठीची सगळी अक्षरं येतात, ळसुद्धा.

८. छापील पुस्तक वाचून, त्याचं ध्वनिमुद्रण करून अंध मित्राला दिलं तर कॉपीराइटचा भंग होतो का?

नफ्यासाठी नसेल आणि छापील पान वाचू न शकणाऱ्यासाठीच असेल तर होत नाही. २०१२मध्ये कॉपीराइट कायद्यात तशी दुरुस्ती झाली. पुढे याच विषयावरचा माराकेश करार मान्य करणारा पहिला देशही भारतच होता, २०१४ साली. ध्वनिफीत मात्र त्या मित्रापुरती ठेवा, नातेवाइकांच्या ग्रुपवर सोडू नका. तसं केलं तर लेखकाचा राग रास्त आहे.

९. मी बोलताना अडखळतो. मला ऐकू येत नाही. माझे हात चालत नाहीत. कट्ट्यावर वाचन होतं म्हणे, मग मी काय करू?

तीन वेगळ्या माणसांचे प्रश्न आहेत, पण नेहमी एकत्र येतात.

अडखळणाऱ्याला घड्याळ लागू नाही. बाकीच्यांना दहा मिनिटं मिळतात, तुम्हाला लागतील तेवढी. वाक्य तुमच्या आधी पूर्ण करून देणाऱ्याला आम्ही डोळे वटारतो. बायबलमधल्या मोशेनेही आपण जड जिभेचा असल्याची सबब सांगितली होती, हे आमच्यातले एक पाळकसाहेब दर वेळी सांगतात. देवाने त्याला अहरोन मदतीला दिला, हेही सांगतात. अहरोन हवा असेल तर मिळेल: तुमचं लिखाण दुसरं कोणी वाचेल, फक्त कोणी वाचायचं ते तुम्ही निवडा.

ऐकू न येणाऱ्यांना लिखाण आधीच मिळालेलं असतं. अडचण चर्चेची आहे. खुणांच्या भाषेचा दुभाषी दर महिन्याला मिळत नाही, आणि मिळाला तरी 'रूपकाची वीण सैल आहे' हे खुणेत कसं सांगायचं यावर तो आमच्याकडे बघत बसतो. तेव्हा एक जण चर्चा लॅपटॉपवर टाइप करतो आणि ती पडद्यावर दिसते. याचा एक फायदा झाला: एकाच वेळी तिघांनी बोलणं बंद झालं.

बोलून टाइप करणाऱ्यांनी एकदा तपासून घ्यावं. फोनला देवाधर्माचं काही कळत नाही. एका कवितेत 'मिस्सा'ची 'मिसळ' झाली होती, आणि वेदीवर मिसळ अर्पण केलेली ती ओळ आम्ही अजून विसरलेलो नाही.

१०. माझ्या लिखाणात येशू आला की लोक म्हणतात हा धर्मप्रचार आहे. काय उत्तर देऊ?

पहिल्यांदा स्वतःला विचारा, ते खरं आहे का? माझी साधी कसोटी आहे: कवितेत तुमच्या बाबतीत काय घडलं ते आहे, की वाचकाने काय करावं ते आहे? दुसऱ्या जातीचं असेल तर त्याची जागा पत्रकात. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, पण मग पत्रक म्हणूनच छापा.

पहिल्या जातीचं असेल तर मान खाली घालायचं कारण नाही. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचं ओवीबद्ध ख्रिस्तपुराण १६१६ साली छापलं गेलं. त्यातल्या मराठीच्या कौतुकाच्या ओळी शाळेच्या पुस्तकांतून आजही पाठ करून घेतात. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५मध्ये याच मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि पुढे लिहिलं ते अभंगाच्या चालीत. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'शिवाय मराठी आत्मकथनाची यादी कोणी करून दाखवावी. २०२०मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी आमच्या वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. तेव्हाही काहींना ते खटकलं होतं. संमेलन झालंच.

एक गंमत सांगते. लक्ष्मीबाईंच्या पुस्तकात टिळकांच्या श्रद्धेबद्दल जेवढं आहे, तेवढंच त्यांच्या विसराळूपणाबद्दल आणि घरातल्या रिकाम्या डब्यांबद्दल आहे. प्रचाराचा आळ आला तर त्या डब्यांकडे बघा.

११. 'मिस्सा', 'प्रभुभोजन', 'नोव्हेना', 'उपवासकाळ' असे शब्द आले की तळटीप द्यायची का?

नको. गोष्टीत शब्द नीट बसला तर वाचकाला तो कळतो. माहीमला बुधवारी नोव्हेनासाठी उतरणारी गर्दी लोकलमधल्या प्रत्येकाने पाहिलेली आहे. आमच्याकडच्या ख्रिस्त्यांच्या सामवेदी किंवा ईस्ट इंडियन बोलीतले संवाद आले तरी तेच. वऱ्हाडी आणि मालवणी तळटिपांशिवाय चालते, तर आमच्या आयचं बोलणं का चालू नये?

१२. चर्चमध्ये मी साक्ष देतो, सगळे रडतात. तीच साक्ष लिहून कट्ट्यावर वाचली तर लोक गप्प बसले. का?

साक्षीचा शेवट ऐकणाऱ्याला आधीच माहीत असतो. मी हरलो होतो, प्रभूने उचललं. मंडळीला तो शेवट हवा असतो, आणि त्यात वावगं काही नाही. वाचक मात्र मधल्या वर्षांसाठी आलेला असतो. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये किती वाजले होते, बायको कोणती पिशवी घेऊन उभी होती, प्रार्थना करताना मनात खरं काय येत होतं? एका सभासदाने आपली साक्ष चौथ्यांदा लिहिली तेव्हा त्यात 'प्रभू' हा शब्द एकदाच उरला, पिशवीचा रंग मात्र आला. पाळकांना ती आधीच्यापेक्षा जास्त आवडली.

१३. 'आंधळा विश्वास', 'पापाने पांगळा झालो' असं लिहू नये म्हणतात. मग भाषाच उरणार नाही. बायबलमध्येही तसंच आहे ना?

हाच तो भांडणाचा प्रश्न.

एका बाजूचं म्हणणं असं. मराठीत आंधळं दळतं नि कुत्रं पीठ खातं. वासरांत लंगडी गाय शहाणी असते. आंधळा एक डोळा मागतो आणि देव दोन देतो. काणाडोळा होतो, बहिरं सोंग घेतलं जातं. एकनाथांनी आंधळा, पांगळा, मुका, बहिरा अशी भारुडंच रचली. आमच्या गीतांतही 'आंधळा होतो, आता दिसतं' हे येतंच. हे सगळं काढलं तर पदरात काय उरलं?

दुसऱ्या बाजूला आमच्या दोन अंध सभासदांपैकी एक आहे. (दुसऱ्याला म्हणींचं काही वाटत नाही, तो स्वतः त्या जोरात वापरतो.) तिचा मुद्दा असा: "दर रविवारी मी गाण्यात पाप म्हणून उभी असते, आणि गाणं संपलं की मंडळी मला हाताला धरून पायऱ्या उतरवतात."

माझं मत यांच्या मधलं, म्हणून दोघांना न पटणारं. जुनी म्हण पात्राच्या तोंडी येऊ द्या, माणसं तशी बोलतात. पण तुम्ही स्वतः, लेखक म्हणून, अज्ञानाला आंधळेपणा म्हणता तेव्हा थांबा आणि खरंच काय म्हणायचं होतं ते बघा. बहुतेक वेळा 'न विचारता मान्य केलं' एवढंच म्हणायचं असतं, आणि ते जास्त चांगलं वाक्य असतं. एकनाथांच्या भारुडात निदान पांगळा स्वतः बोलतो.

१४. "आईबापाचं पाप", "मागच्या जन्मीचं कर्म" असं ऐकत मोठी झाले. बायबलमधल्या लेवीयच्या २१व्या अध्यायात तर व्यंग असलेल्याने वेदीजवळ येऊ नये असं लिहिलंय. याचं काय करायचं?

लहानपणी आमच्या शेजारच्या काकू माझ्या पायाला मागच्या जन्माचं म्हणायच्या, आणि आमच्याच आळीतली एक मावशी आईबापाचं पाप म्हणायची. दोघींचं एकमेकींशी कधी पटलं नाही, ही एक गोष्ट सोडून.

योहानाच्या ९व्या अध्यायात शिष्य हाच प्रश्न विचारतात: हा जन्मापासून आंधळा, पाप कोणाचं, याचं की आईबापाचं? येशू दोन्ही नाकारतो. पुढे देवाची कार्यं प्रकट होण्याबद्दल तो बोलतो, त्यावर पुष्कळ प्रवचनं झाली आहेत. मला ते 'नाही' पुरतं.

लेवीयचं वचन वाचताना तिथेच थांबू नका. त्याच अध्यायात लगेच पुढे म्हटलंय की त्या माणसाने पवित्र भाकर इतरांप्रमाणेच खावी. नियम वेदीचा होता, जेवणाच्या पानाचा नव्हता. कॅथलिक चर्चच्या १९१७च्या कायद्यातही शारीरिक व्यंग हा याजक होण्यातला अडसर होता. १९८३च्या कायद्यातून तो गेला. मफीबोशेथची गोष्टही वाचा, शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात, ९वा अध्याय. दोन्ही पायांनी अधू, आणि राजाच्या पंक्तीला नेहमी बसणारा. त्याचे पाय बरे झाल्याचं कुठेच लिहिलेलं नाही. अध्यायाच्या अगदी शेवटच्या ओळीतही तो लंगडाच आहे.

१५. कट्ट्यावर कोणी "तुमच्यासाठी प्रार्थना करू का, बऱ्या व्हाल" म्हटलं तर?

विचारलं तर हो किंवा नाही म्हणा. न विचारता डोक्यावर हात ठेवला तर हात बाजूला करा, आम्ही पाठीशी आहोत. येशूने आंधळ्या बार्तीमयालाही आधी विचारलं होतं की मी तुझ्यासाठी काय करावं. समोर आंधळा भिकारी उभा आहे, मागणी उघड आहे, तरी विचारलं. हे आमच्यातल्या उत्साही मंडळींच्या नजरेतून सुटतं.

माझी आय दर सप्टेंबरला वांद्र्याच्या मोत माउलीला मेणाचा पाय वाहायची. जत्रेत मेणाचे हात, पाय, डोळे, बाळं, घरंसुद्धा मिळतात. पाय निवडताना ती डावा-उजवा नीट तपासून घ्यायची, माउलीचा गोंधळ नको म्हणून. पाय आहे तसा राहिला. मोठी झाल्यावर मी तिला चिडून विचारलं की एवढी वर्षं काय मिळालं. ती म्हणाली, "वर्षातनं एक दिवस तुझ्यापायी मी कोणापुढे तरी रडून येते. घरी रडले असते तर तू बघितलं असतंस." त्यानंतर मीच तिच्याबरोबर जायला लागले. कॅलिपरने त्या पायऱ्या चढणं सोपं नाही. बरं होण्याची प्रार्थना वाईट असं मी म्हणणार नाही. कोण कोणासाठी करतं आणि कोणाला विचारून, एवढंच बघते.

१६. माझ्या लिखाणाचं नुसतं कौतुक होतं. "फार प्रेरणा मिळाली" म्हणतात. मला खरं मत हवं आहे.

हे पत्र वेगवेगळ्या माणसांकडून इतक्यांदा आलं आहे की बाकी सगळे प्रश्न गाळून हाच ठेवला असता तरी चाललं असतं.

मुंबईत अपंगांसाठी ख्रिस्ती लोकांनी पुष्कळ केलं. बिशप मोरिन यांनी १८८५मध्ये इथे कर्णबधिरांची शाळा काढली. अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलार्डबाईंनी १९०० साली अंधांची शाळा सुरू केली, ती दादरला आजही आहे. झेवियर्स कॉलेजातलं अंध विद्यार्थ्यांचं केंद्र अलीकडचं. या सगळ्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण त्या सेवेची एक सवय आमच्या हाडीमाशी भिनली: अपंग माणूस म्हणजे ज्याचं भलं करायचं तो. तो कविता घेऊन आला की तिचंही भलं केलं जातं, म्हणजे टाळ्या वाजवल्या जातात.

आमच्याकडेही तेच झालं. सेरेब्रल पाल्सी असलेल्या एका सभासद बाईंनी नर्सवरची कथा वाचली. वाचायला पस्तीस मिनिटं लागली. टाळ्या, ओले डोळे, सगळं झालं. त्या म्हणाल्या, "तिसरं पान कंटाळवाणं आहे. मला माहीत आहे. तुमच्यापैकी एकानेही सांगितलं नाही. मागच्या महिन्यात त्या बँकेतल्या गृहस्थांची कथा तुम्ही फाडून खाल्लीत. मला का सोडलंत?" कोणाला उत्तर देता येईना. मग त्या बँकेतल्या गृहस्थांनीच घसा खाकरला आणि म्हणाले, शेवटही घाईत उरकलाय. बाई इतक्या खूश झालेल्या आम्ही पूर्वी पाहिल्या नव्हत्या. भांडणाला दोघेही तासभर पुरले.

तेव्हापासून नियम आहे: 'प्रेरणा' हा शब्द उच्चारला तर चहाचा खर्च त्याच्याकडे. आणि उलट बाजूही सांगते. खरं मत मागितलंत तर ते येईल, आणि त्या रात्री झोप लागणार नाही. माझ्या एका लेखाला 'पायाचं भांडवल' म्हणाले होते. आठ दिवस मी त्या माणसाशी बोलले नाही. नवव्या दिवशी दोन परिच्छेद काढले.

१७. माझा मुलगा मतिमंद आहे. त्याच्याबद्दल लिहायचं आहे. त्याची परवानगी कशी घ्यायची?

आधी एक शब्द: आता 'बौद्धिक अक्षमता' लिहितात. तुम्ही घरात जे म्हणता ते तुमचं.

जेवढं समजतं तेवढं त्याला विचारा. आमच्यातल्या एका आईने मुलाला प्रत्येक गोष्ट वाचून दाखवली. अंथरूण ओलं झाल्याचा प्रसंग आला की तो खोलीबाहेर जायचा. तिने तो प्रसंग काढला. सांगता येत नसेल तर हा विचार करा: त्याच जागी तुमची सासू असती तर हे छापलं असतं का? बरेच तपशील तिथेच गळतात. तुमचा थकवा, तुमचा राग, देवाशी झालेलं तुमचं भांडण मात्र पूर्णपणे तुमचं आहे. त्याला कोणाची परवानगी लागत नाही.

१८. देवावर रागावून लिहिलेली कविता वाचली आणि ती आमच्या चर्चपर्यंत पोहोचली. आता बोलावणं आलंय. काय करू?

८८वं स्तोत्र घेऊन जा. बहुतेक विलापस्तोत्रं शेवटी आशेकडे वळतात, ते वळत नाही; अंधारातच संपतं, आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे. ईयोबाच्या, म्हणजे दुःखात देवाला जाब विचारणाऱ्या माणसाच्या, पुस्तकात देवाची बाजू घेऊन बोलणाऱ्या मित्रांनाच शेवटी देवाचे बोल खावे लागतात.

एवढं करूनही फादर किंवा पाळक ऐकतीलच असं नाही. इथे मी तुम्हाला शूर व्हायला सांगणार नाही. ज्यांना चर्चमधूनच औषधाची मदत मिळते, मुलांची फी मिळते, त्यांना धाडस महागात पडतं. टोपणनावाने लिहायची मुभा आहे, आणि नाव कट्ट्याबाहेर जात नाही. कविता बाहेर गेली ती कोणीतरी मोबाइलवर रेकॉर्ड केली म्हणून. तेव्हापासून रेकॉर्डिंग विचारूनच होतं. चूक आमची होती.

पाळकांवर किंवा चर्चच्या कारभारावर नावानिशी आरोप असेल तर गोष्ट वेगळी. ते कवितेत घालू नका. कागदपत्रं घेऊन ज्याला ते तपासायचा अधिकार आहे त्याच्याकडे जा.

१९. माझा विश्वास सुटला आहे. घरी माहीत नाही. कट्ट्यावरची माणसं आवडतात म्हणून येत राहते. हा खोटेपणा आहे का?

नाही. सुरुवातीच्या दोन मिनिटांत (प्रश्न ६) तुम्ही खिडकीबाहेर बघता, ते आम्हाला केव्हाच कळलेलं आहे. आणखी दोघे तिकडेच बघत असतात, त्यातला एक माजी सेमिनरीयन, म्हणजे फादर होण्याचं शिक्षण सोडलेला. घरी केव्हा सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, आमच्याकडून कळणार नाही.

पुढच्या शनिवारी तुमची पाळी आहे, मजकूर मंगळवारपर्यंत युनिकोडमध्ये पाठवा. आणि मागच्या खेपेला 'प्रेरणा' म्हणालात, त्या चहाचे एकशे वीस रुपये अजून बाकी आहेत.